आरएनेज इनहिबिटर लॅबमध्येच बनवताना: नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

३ जून, सोमवार

डीप फ्रीझरमध्ये आरएनेज इनहिबिटरची, म्हणजे आरएनए कापणाऱ्या आरएनेज एन्झाइमांना अडवणाऱ्या प्रथिनाची, एकच नळी उरली आहे, आणि तीही कुणीतरी अर्धी वापरून झाकण नीट न लावता ठेवलेली. मॅडमनी मागच्या खेपेचं बिल समोर ठेवलं. २,५०० युनिटची एक नळी, जीएसटी आणि ड्राय आइसचं भाडं धरून ७,८०० रुपये. आम्हाला वर्षाला दहा तरी लागतात. "जीन बनवून घे, बघू काय होतंय," म्हणाल्या. बोलणं एवढंच झालं आणि प्रकल्प माझ्या गळ्यात पडला.

ज्यांना हे प्रथिन फक्त नळीवरच्या नावापुरतं माहीत आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. माणसाच्या पेशीतलं हे साधारण ५० किलोडाल्टनचं प्रथिन, आकार घोड्याच्या नालेसारखा. आरएनेज ए जातीचं एन्झाइम समोर आलं की त्याला असं धरून ठेवतं की व्यवहारात ते सुटत नाहीच. १९७७ मध्ये माणसाच्या वारेतून ते शुद्ध केलं गेलं, म्हणून जुने लोक अजून 'प्लासेंटल' म्हणतात. ४६० अमिनो आम्लं, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा ल्युसीन, आणि ३२ सिस्टीन. हे बत्तीसच्या बत्तीस रिड्यूस्ड, म्हणजे ऑक्सिडाइझ न झालेले, राहिले तरच प्रथिन जिवंत. हे वाक्य मी आज वहीत लाल पेनाने लिहिलं आहे. पुढच्या नोंदी वाचल्यावर कळेल की लिहिणं वेगळं आणि पाळणं वेगळं.

प्रथिन ज्याच्यात बनवायचं त्या ईकोलाय जिवाणूला सोयीचे कोडॉन घालून १,३८० बेसची जीन मागवली, पीईटी-२८ या प्लाझमिडमध्ये (जीन वाहून नेणारा गोल डीएनए), एनडीई-वन आणि बाम-एच-वन या कापायच्या दोन जागांमध्ये. १९,००० रुपये. तीन आठवडे लागतील म्हणाले.

२८ जून, शुक्रवार

जीन सोमवारी आली. बीएल-२१ या ईकोलायच्या जातीत घातली, आणि आज पहिलं इंडक्शन, म्हणजे आयपीटीजी घालून पेशींना प्रथिन बनवायला लावणं. ३७ अंश, १ मिलिमोलर आयपीटीजी, तीन तास. जेलवर ५० च्या आसपास एवढा जाड बँड की ज्युनिअर मुलाने फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी पेशी फोडून) सेंट्रिफ्यूज केलं. जाड बँड सगळाच्या सगळा पेलेटमध्ये. वरच्या पाण्यात नावाला नाही.

पेलेट युरियात विरघळवून परत घडी घालायचा विचार पाच मिनिटं केला. ३२ सिस्टीन असलेलं प्रथिन उलगडायचं आणि नीट घडी बसेल अशी आशा धरायची, हे माझ्याच्याने होणार नाही. सोडून दिलं.

४ जुलै, गुरुवार

१८ अंशाला, आयपीटीजी पाचपट कमी, रात्रभर. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे मला शाळेपासून माहीत आहे, तरी बुधवारी रात्री कल्चर लावलं. सकाळी साडेनऊला शेकर बंद, तो अडीचला सुरू. जनरेटरवर फक्त फ्रीझर आहेत. पाच तास कल्चर हवेविना तसंच उभं. जेलवर वरच्या पाण्यात एक पुसट रेघ दिसते, पण ती आपली की ईकोलायची ते छातीठोकपणे सांगता येत नाही.

यापुढे बुधवारी रात्री काहीही लावायचं नाही. शेकरवर कागद चिकटवला.

११ जुलै, गुरुवार

हे प्रथिन एकटं विरघळत नाही हे मान्य केलं. सोबतीला एमबीपी, म्हणजे माल्टोज पकडणारं प्रथिन, जोडायचं ठरलं. फ्रीझरमध्ये एका जुन्या विद्यार्थिनीने ठेवलेला पीमॅल-सी५एक्स हा एमबीपीवाला प्लाझमिड सापडला. नशिबाने त्यातही एनडीई-वन आणि बाम-एच-वन याच क्रमाने आहेत, त्यामुळे जीन कापून जशीच्या तशी इकडून तिकडे. नवा प्रायमर नाही, नवा खर्च नाही.

पीमॅल घेताना नावातलं 'सी' बघून घ्या. 'पी' वाला प्रकार प्रथिनाला पेरिप्लाझममध्ये, म्हणजे पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत, पाठवतो, आणि तिथलं वातावरण ऑक्सिडायझिंग. आपल्या बत्तीस सिस्टीनांना तिथे पाठवणं म्हणजे बर्फ उन्हात वाळत घालणं. 'सी' वाला पेशीच्या आतच ठेवतो.

जोडून झालेलं प्रथिन ९२ किलोडाल्टन. कल्चरच्या मीडियात ०.२ टक्के ग्लुकोज घालायला विसरू नका. नाहीतर ईकोलाय स्वतःचं अमायलेज बनवतं आणि तुमचा अमायलोज कॉलम, ज्यावर एमबीपी चिकटतं, तोच कुरतडतं.

२५ जुलै, गुरुवार

क्लोन सोमवारी जुळला. मंगळवारी रात्री एक लिटर लावायचं होतं, ते राहिलं, आणि काल, बुधवारी, शेकरवरच्या स्वतःच्याच कागदाकडे बघत लावलं. कारण शुक्रवारी सेंट्रिफ्यूज दुसऱ्या विभागाला द्यायचं होतं. आज वीज जाण्याचा प्रश्नच आला नाही, कारण मीच पोचू शकले नाही. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी, सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांमध्ये पहाटे बोटी. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं, तिकडे एकतानगरीत लोकांचे संसार पाण्यात होते. कल्चरची काळजी करताना लाज वाटत होती, तरी करत होते.

लॅबचे मामा आवारातच राहतात. त्यांना फोन केला.

"मामा, शेकर बंद करून दोन्ही फ्लास्क थंड खोलीत ठेवाल का? बर्फात नको, नुसते ठेवा."

"ठेवतो की. पण मॅडम, वास मारतंय हे. टाकून देऊ का?"

"नको हो मामा! वास येतोच त्याला."

३० जुलै, मंगळवार

मामांनी वाचवलेल्या पेशी शुक्रवारी गोळा केल्या, अमायलोज कॉलममधून काढल्या. ९२ वर सुरेख बँड, वरच्या पाण्यात, हव्या त्या जागी. मग काम करतं का ते बघायला साधी जेलची परीक्षा लावली: यीस्टचा आरएनए, ५ नॅनोग्रॅम आरएनेज ए, आणि आपलं प्रथिन वेगवेगळ्या प्रमाणात. १५ मिनिटं ३७ अंशाला, मग जेल.

सगळ्या लेन साफ, आरएनए कुठेच नाही. ज्या लेनमध्ये आरएनेज घातलाच नव्हता तीही साफ. म्हणजे परीक्षेचाच पेपर फुटलेला.

दोन दिवस शोधाशोध. पाणी बदललं, नळ्या बदलल्या. ज्युनिअरने उत्साहाने ट्रिसच्या बफरमध्येच डीईपीसी, म्हणजे आरएनेज निकामी करायचं रसायन, घालून ठेवलं. डीईपीसी ट्रिसच्या अमिनशीच लग्न लावून मोकळं होतं, आरएनेजपर्यंत पोचतच नाही, म्हणून तो बफर ओतला. शेवटी निळा लोडिंग डाय निघाला. ती नळी प्लाझमिड करणाऱ्यांच्या बाकावरून आली होती. तिथे दिवसभर आरएनेज ए वापरतात आणि त्याच टिपा त्याच डायमध्ये बुडतात. ऑटोक्लेव्ह केला होता ना, असं कुणीतरी म्हणालं. आरएनेज ए ऑटोक्लेव्हला भीक घालत नाही.

आता आमचा डाय वेगळा, जेलची टाकी वेगळी (आधी तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतलेली), पिपेट वेगळे. पिपेटांना लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ उपाय ठरला.

२ ऑगस्ट, शुक्रवार

परीक्षा आता प्रामाणिक आहे. उत्तर असं की आपलं प्रथिन शून्य. विकतचं इनहिबिटर घातलेल्या लेनमध्ये आरएनए शाबूत, आपल्या लेनमध्ये आरएनेज एने सगळं फस्त केलेलं.

कारण शोधायला वेळ लागला नाही, फक्त कबूल करायला लागला. बफर २२ तारखेला बनवले होते, त्याच दिवशी त्यात डीटीटी (सिस्टीन रिड्यूस्ड ठेवणारं रसायन) घातलं होतं, आणि प्रथिन काढलं २६ ला. साडेसात पीएचला, २० अंशाला डीटीटीचं अर्धं आयुष्य साधारण दहा तास असतं. साडेआठ पीएचला तर दीड तासही नाही. चार दिवसांनी त्या बाटलीत डीटीटी नावालाच उरलं होतं.

लाल पेनाने लिहिलेलं वाक्य परत वाचलं.

आता नियम: १ मोलर डीटीटीच्या लहान लहान नळ्या उणे २० ला. ज्या दिवशी कॉलम, त्याच दिवशी, कॉलमच्या तासभर आधी बफरमध्ये घालायचं, ५ मिलिमोलर. कल्चरमध्येही इंडक्शनच्या आधी ५ मिलिमोलर घालून बघितलं. वाढ जरा मंदावली, पण वरच्या पाण्यातलं प्रमाण नजरेला दिसेल इतकं वाढलं.

निकेल कॉलमच्या मार्गाने जाणाऱ्यांना सांगते, डीटीटीने निकेल तपकिरी होऊन बसतं. अमायलोजला डीटीटीचं काही वाटत नाही. एमबीपी निवडल्याचा हा फायदा आधी लक्षातच आला नव्हता.

१३ ऑगस्ट, मंगळवार

ही नोंद लिहायला पाच दिवस टाळाटाळ केली.

८ तारखेला सगळं शिस्तीत चाललं होतं. ताजं डीटीटी, थंड रोटर, एक लिटरच्या पेशी. पेशी विरघळवायच्या बफरसाठी फ्रिज उघडला, 'रीसस्पेन्शन' लिहिलेली काचेची बाटली काढली, ४० मिली ओतलं, पेशी ढवळल्या, सोनिकेट केल्या, कॉलमवर चढवल्या. ९२ चा बँड आला, पण खाली १४ च्या आसपास आणखी एक बारीक, टोकदार बँड. मी निवांत होते. पेशींची भिंत फोडायला लायसोझाइम घातलं होतं, ते १४ चंच असतं. धुताना राहिलं असेल.

परीक्षेत पुन्हा शून्य.

काल ज्युनिअर फ्रिजपाशी उभा राहून विचारतो, "ताई, माझी पी-वनची बाटली बघितली का? अर्धी भरलेली होती."

प्लाझमिड काढायच्या किटमधला पहिला बफर म्हणजे पी-वन. त्याच्यात मुद्दाम आरएनेज ए घातलेलं असतं, मिलीला १०० मायक्रोग्रॅम. हिशोब केला: ४० मिली म्हणजे ४ मिलिग्रॅम आरएनेज. एकास एक जोडी जमते हे धरलं तर त्याला आपलं जोडप्रथिन २७ मिलिग्रॅम पुरतं. आपलं आलं होतं जेमतेम १२. म्हणजे आरएनेजपासून वाचवणारं प्रथिन मी आरएनेजच्या आंघोळीत बनवलं होतं, आणि प्रत्येक रेणूने इमानेइतबारे आपापला आरएनेज धरून कॉलमपर्यंत आणला होता. १४ चा बँड लायसोझाइमचा नव्हता. तो त्याचा पुरावा होता.

एका अर्थाने प्रथिन जिवंत असल्याची ही पहिली खात्रीशीर खूण, असं मॅडम म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण ओरडल्याही नाहीत.

रेझिन टाकून दिलं. एसडीएसने धुऊन परत वापरता येतं म्हणतात, पण त्यावर माझा विश्वास बसला नसता आणि पुढच्या प्रत्येक वाईट निकालाला मी त्यालाच जबाबदार धरलं असतं. १६,००० रुपये. डीएनेज वापरणाऱ्यांनीही बघून घ्या. गाईच्या स्वादुपिंडातून काढलेल्या कच्च्या डीएनेजमध्ये आरएनेज ए पाहुणा म्हणून असतोच. आमच्यापुरतं आता सोनिकेशन एके सोनिकेशन.

फ्रिजमधल्या प्रत्येक बाटलीवर आता आत काय आहे ते पूर्ण लिहिलेलं असतं. 'रीसस्पेन्शन' हा शब्द लॅबमध्ये बंद.

२२ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर

नवं रेझिन आलं. अमायलोजवरून उतरवलेलं प्रथिन पहिल्यांदाच काम करतं! ५ नॅनोग्रॅम आरएनेज असूनही आरएनए शाबूत. इथे थांबायला हवं होतं, पण मला एमबीपीचं शेपूट कापून 'खरं' प्रथिन बघायचं होतं.

पीमॅलमध्ये कापायची जागा फॅक्टर टेन-ए या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमची आहे. फॅक्टर टेन-ए मागवलं, १४,००० रुपये. त्याच्यासोबतच्या कागदावर बारीक अक्षरात होतं की त्याचे स्वतःचे डायसल्फाइड बंध आहेत, रिड्यूसिंग पदार्थ टाळा. म्हणजे एकाला डीटीटीशिवाय मरण आणि दुसऱ्याला डीटीटीनेच मरण. दोघांना एका नळीत नांदवायला निघालेली मी.

डीटीटी १ मिलिमोलर ठेवून: काप नाही. ०.२ वर: थोडा काप, आणि सकाळी नळीत ताकासारखं पांढरं. डीटीटी डायलिसिसने काढून, चार तास कापून, लगेच परत घालून: अर्धा काप, अर्धं ताक. दोन आठवडे यात गेले.

४ तारखेला मॅडमनी एक प्रश्न विचारला. "न कापलेलं काम करतंय ना?" करतंय. "मग कापतेस कशाला?"

उत्तर नव्हतं. घोड्याच्या नालेच्या बाहेर लटकलेलं एमबीपी आतल्या बाजूला आरएनेज धरण्याच्या आड येत नाही. वजन जवळजवळ दुप्पट, म्हणून मिलिग्रॅममागे युनिट कमी, इतकंच. जे हे करायला घेतील त्यांनी माझे १४,००० आणि चौदा दिवस स्वतःचे समजून वाचवावेत.

शेवटच्या खेपेचे दोन भाग केले. एक तसाच बफरमध्ये, ४ अंशाला. दुसरा ५० टक्के ग्लिसरॉल आणि ८ मिलिमोलर डीटीटीमध्ये, उणे २० ला. शनिवारपासून गणपती.

१९ सप्टेंबर, गुरुवार

अनंत चतुर्दशी मंगळवारी झाली, काल झोपून काढला. ४ अंशाची नळी मेली आहे. पूर्ण. थोडी मेली असं या प्रथिनात फारसं होत नाही. ऑक्सिडेशन सुरू झालं की रेणूतले सगळे सिस्टीन पाठोपाठ जातात आणि रेणू उलगडतो. धरलेला आरएनेज असेल तर तोही सोडून देतो, धडधाकट. जुनं इनहिबिटर म्हणजे नुसतं निकामी इनहिबिटर नाही, वापरात आलेलं असेल तर ती आरएनेजची पुडी आहे.

ग्लिसरॉलमधली नळी ठणठणीत. घरगुती फ्रीझरसारखा आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर असेल तर त्यात ठेवू नका, तो रोज थोडा तापतो.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आता वाटलं होतं की संपलं. आरएनेज ए समोर आपलं प्रथिन आणि विकतचं बरोबरीने उभं राहतंय. पण विकतच्या नळीच्या कागदावर आणखी एक परीक्षा असते, जी मी सोडून दिली होती: आरएनए आणि इनहिबिटर, बाकी काही नाही, लांब वेळ.

एक तास: ठीक. रात्रभर ३७ अंशाला: आरएनए गायब, लेनच्या खालच्या टोकाला धुरकट डाग. विकतच्या लेनमध्ये दोन्ही बँड जसेच्या तसे.

म्हणजे आमचा राखणदार दारातल्या चोराला अडवतो आणि रात्री स्वतःच डबा उघडून खातो. नेमकं म्हणायचं तर तो नाही, त्याच्यासोबत आलेला कुणीतरी.

९ ऑक्टोबर, बुधवार

कोण आलंय ते शोधायला तीन नळ्या लावल्या.

एकीत आमच्या प्रथिनासोबत विकतचं इनहिबिटर भरपूर घातलं. तरी आरएनए गेला. म्हणजे आगंतुक आरएनेज ए नाही, त्याच्या कुळातलाही नाही.

दुसरीत ईडीटीए घातलं. तरी गेला. ईकोलायच्या बऱ्याचशा आरएनेजांना मॅग्नेशियम लागतं, ईडीटीए घातलं की ते थांबतात. हा थांबला नाही.

तिसरीत आमचं प्रथिन ६५ अंशाला दहा मिनिटं तापवून घातलं. तेव्हाही गेला, त्यामुळे ह्या नळीने काही नवीन सांगितलं नाही. लावली नसती तरी चाललं असतं.

ईडीटीएला न जुमानणारा, या इनहिबिटरला न जुमानणारा, ईकोलायच्या पेशीतच असणारा: आरएनेज वन. तो पेरिप्लाझममध्ये बसलेला असतो, सोनिकेट केलं की बाहेर पडून लायसेटमध्ये मिसळतो. माणसाचं प्रथिन माणसाच्या (आणि गाईच्या) आरएनेजसाठी बनलं आहे. ज्या जिवाणूत आम्ही ते वाढवतो त्याच्याच आरएनेजशी त्याचं काही देणंघेणं नाही. बीएल-२१ मध्ये हा जीन शाबूत असतो. काही जुन्या जातींमध्ये तो नसतो, आमच्याकडे त्या नाहीत.

सगळे या पायरीवर फसत असतील असं नाही, पण आरएनेज ए चीच परीक्षा घेऊन नळ्या वाटल्या असत्या तर महिन्याभराने कुणाच्या तरी सिक्वेन्सिंगचा आरएनए गेला असता, आणि दोष त्याच्या हातांवर आला असता.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दसऱ्याची सुट्टी धरून तीन बदल केले.

पहिला: सोनिकेशनआधी पेशींना २० टक्के साखर आणि ईडीटीएमध्ये दहा मिनिटं ठेवून, गाळून, एकदम बर्फाच्या पाण्यात. पेरिप्लाझमचा माल बाहेर पडतो, आतलं एमबीपी-प्रथिन आत राहतं. याने आगंतुक कमी झाला, संपला नाही.

दुसरा: अमायलोज कॉलमवर प्रथिन बसल्यावर १ मोलर मिठाने धुणं, दहा कॉलम-भर. आधी मी २०० मिलिमोलरवर थांबत होते.

तिसरा: क्यू कॉलम, म्हणजे ऋण भाराची प्रथिनं धरणारा, एक मिलीचा तयार, ९,००० रुपयांना दोन. आपलं प्रथिन आम्लधर्मी, आठच्या आतबाहेरच्या पीएचला क्यूला घट्ट चिकटतं. जे चिकटत नाही ते सरळ वाहून जातं. ते वाहून गेलेलं पाणी टाकून न देता मुद्दाम आरएनएवर लावलं. तासाभरात फस्त. चोर तिथे सापडला.

क्यूवरून मिठाच्या चढाने उतरवलेलं प्रथिन आरएनएसोबत रात्रभर ठेवलं. सकाळी जेल चालवताना ज्युनिअर आणि मी दोघंही यूव्हीच्या काचेवर डोकं आपटेपर्यंत वाकलो होतो. वरचा बँड आहे. खालचा बँड आहे. वरचा खालच्याच्या साधारण दुप्पट उजळ, जसा हवा तसा.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आता युनिट. जेलवर 'चांगलं' दिसतं, पण नळीवर आकडा लिहायला तेवढं पुरत नाही. व्याख्या अशी की ५ नॅनोग्रॅम आरएनेज एचं काम निम्म्यावर आणतं ते एक युनिट, आणि मोजायचं सायक्लिक सीएमपीवर, म्हणजे आरएनेज ए तोडतं अशा एका लहान रेणूवर. ते महाग (११,५०० रुपये), म्हणून शेवटी एकदाच.

कागदावरचा हिशोब आधी करून ठेवला होता. ५ नॅनोग्रॅम आरएनेज म्हणजे ०.३६५ पिकोमोल. निम्मा धरायला ०.१८ पिकोमोल आपलं प्रथिन, ९२ किलोडाल्टनने गुणलं की साधारण १७ नॅनोग्रॅम. म्हणजे प्रत्येक रेणू जिवंत असेल तर मिलिग्रॅमला ६०,००० च्या आसपास युनिट.

आमचे आले ३८,०००. तीनातला एकेक रेणू मेलेला किंवा वाकडा. मला हा आकडा आवडला, कारण तो ६०,००० च्या वर नाही. वर आला असता तर मोजणीत चूक शोधत बसले असते.

एक लिटर कल्चरमधून क्यूनंतर ७ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २,६६,००० युनिट. विकतच्या शंभरावर नळ्या. मामांना सांगितलं तर म्हणाले, "एवढं? मग विका की मॅडम." विकायचं नाही मामा, हे फक्त आपल्या लॅबच्या कामापुरतं.

मायक्रोलिटरला ४० युनिटवर आणून, ५० टक्के ग्लिसरॉल, ८ मिलिमोलर डीटीटी, ५० मायक्रोलिटरच्या नळ्या. लहान नळ्या मुद्दाम. मोठी नळी शंभरदा उघडली जाते आणि उघडताना प्रत्येक वेळी हवा आत जाते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर खऱ्या कामावर लावलं. उंदराच्या यकृताचा एकच आरएनए, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (आरएनएवरून डीएनए बनवणं), २० मायक्रोलिटरमध्ये २० युनिट. एकदा विकतचं, एकदा आमचं, एकदा काहीच नाही. विकतच्या आणि आमच्या सीटीमध्ये (पीसीआरच्या कितव्या सायकलला सिग्नल दिसतो तो आकडा) फरक ०.१ च्या आत. काहीच न घातलेल्या तीन नळ्यांपैकी दोन ठीक, एक साडेतीन सायकल मागे. या विषम निकालामुळेच लोक इनहिबिटर 'लागत नाही' म्हणतात, तीनात दोन वेळा त्यांचं खरंही असतं.

रिअ‍ॅक्शनमध्ये डीटीटी १ मिलिमोलर तरी असू द्या. किटच्या बफरमध्ये असतंच, पण स्वतःचा बफर बनवणारे विसरतात. आणि ५० अंशाच्या वर या प्रथिनावर विसंबू नका, गरमीने उलगडलं की धरलेलं सोडतं.

५ डिसेंबर, गुरुवार

मॅडमनी हिशोब मागितला. जीन १९,०००. रेझिन दोनदा, ३२,०००. फॅक्टर टेन-ए १४,०००. सायक्लिक सीएमपी ११,५००. क्यू कॉलम ९,०००. डीटीटी ६,५००. एकूण ९२,०००. यातले ३०,००० निव्वळ माझ्या चुकांचे: पी-वनची बाटली आणि शेपूट कापायचा हट्ट. इकडे दहा नळ्या विकत घेतल्या असत्या तर ७८,००० झाले असते. म्हणजे पहिल्या वर्षी आम्ही तोट्यात आहोत, शिवाय माझे सहा महिने. दुसऱ्या खेपेला मीडिया, डीटीटी आणि तीन दिवस एवढाच खर्च यावा. रेझिन चार-पाच वेळा चालेल असं धरलं आहे.

दुसरी खेप ज्युनिअरने एकट्याने केली, मंगळवारी संपवली. ६ मिलिग्रॅम, रात्रभराच्या परीक्षेत पास. त्याने क्यूचं वाहून गेलेलं पाणीही तपासलं, न सांगता.

पहिल्या खेपेच्या सहा नळ्या बाजूला काढून त्यांच्यावर तारखा घातल्या आहेत. दर महिन्याच्या २५ ला एक उघडून दोन्ही परीक्षा लावायच्या. नोव्हेंबरची लावली, ३८,००० ची ३६,००० झाली आहे, मोजणीच्या चुकीत बसेल इतकाच फरक. पुढची तारीख २५ डिसेंबर, नाताळची सुट्टी. मामांकडून लॅबची किल्ली आधीच मागून ठेवली आहे.